आयर्लंडमधील कॅमोगीचा हंगाम

डब्लिन शहराच्या उत्तर भागांत क्रोक पार्क नांवाचें एक अफाट क्रीडांगण आहे. ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक तेथें मावतात. रविवार, ता. १० ऑगस्ट २०२५ रोजीं या क्रीडांगणावर पंधरा पंधरा तरुण स्त्रियांचे दोन संघ समोरासमोर उभे राहिले. एक कॉर्क परगण्याचा, दुसरा गॉलवे परगण्याचा. प्रत्येकीच्या हातांत काठी, डोक्यावर जाळीचें शिरस्त्राण, आणि डोळे पंचाच्या हातांतील चेंडूवर. तासाभराचा खेळ संपला तेव्हां दोन्ही संघांत अंतर उरलें होतें अवघ्या एका गुणाचें. या खेळाचें नांव कॅमोगी, आणि त्या दिवशीं ज्याचा निकाल लागला तें त्या खेळाचें अखिल आयर्लंडचें अजिंक्यपद.

इतक्या दूरच्या बेटावरील एका सामन्याची हकीकत येथील श्रोत्यांना कां सांगावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, २०२५ च्या हंगामांत त्या मुलींना दोन सामने खेळावे लागले. एक काठीनें व चेंडूनें, प्रतिपक्षाशीं. आणि दुसरा स्वतःच्याच संस्थेच्या नियमांच्या पुस्तकाशीं. हा दुसरा सामना नीट समजावयाचा तर प्रथम खेळाची घडण आणि त्याचा इतिहास थोडाबहुत ठाऊक असला पाहिजे.

आयर्लंडमध्यें हर्लिंग नांवाचा पुरुषांचा एक फार जुना खेळ आहे. त्या खेळांतील काठीला आयरिश भाषेंत ‘कमान’ म्हणतात. त्या भाषेंत ‘कम’ म्हणजे वांकडें. काठीचें खालचें टोंक वांकलेलें व पसरट असतें, म्हणून हें नांव. मराठींतील कमानीशीं याचें नादसाम्य आहे आणि अर्थहि जवळपासचा आहे. परंतु आपला शब्द फारसींतून आलेला असल्यामुळें दोहोंचें नातें जुळविण्याचा मोह आवरावा हेंच बरें. या काठीच्या धाकट्या रूपाला ‘कमोग’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्त्रियांनीं हर्लिंगच्या धर्तीवर आपला खेळ सुरू केला तेव्हां त्या लहान काठीवरून त्याला नांव पडलें, आणि तेंच इंग्रजी वळणानें ‘कॅमोगी’ झालें.

लांबून पाहणाऱ्यास हा खेळ हॉकीसारखा वाटेल. पण दोन मिनिटें पाहिल्यावर तो भ्रम दूर होतो. हॉकींत चेंडू बहुधा जमिनीवरून धांवतो. कॅमोगींत तो बहुतेक वेळ आकाशांत असतो. चेंडूला ‘स्लिटर’ म्हणतात. बुचाचा गाभा, त्यावर कातड्याचे दोन तुकडे शिवलेले, आणि त्या शिवणीच्या कडा वर उठलेल्या. स्त्रियांचा चेंडू पुरुषांच्या चेंडूपेक्षां किंचित् लहान व हलका असतो. खेळाडूला उडता चेंडू हातानें झेलतां येतो, परंतु जमिनीवर पडलेला चेंडू हातानें उचलतां येत नाहीं. तो काठीनेंच उचलून घ्यावा लागतो. हातांत चेंडू धरून फार पावलें टाकण्याची मुभा नसते. म्हणून चांगली खेळाडू काय करते, तर काठीच्या पसरट टोंकावर चेंडू तोलून धरते आणि तशीच भरधांव पळत सुटते. पळीभर पाणी न सांडतां अंगण ओलांडण्याचा खेळ लहानपणीं खेळलेल्या मंडळींना यांतील कसब चटकन् उमगेल. फरक इतकाच कीं, येथें चहूंबाजूंनीं काठ्या आडव्या येत असतात.

मैदान सुमारें १४० मीटर लांब असतें. दोन्ही टोंकांस उंच खांब, आणि त्यांना जोडणारा एक आडवा दांडा. चेंडू दांड्याखालून जाळ्यांत गेला तर गोल; त्याचे तीन गुण. दांड्यावरून पण दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण. गुणसंख्या लिहितांना गोल व एकेरी गुण वेगवेगळे मांडतात. १-१४ असें लिहिलें असेल तर एक गोल व चौदा गुण, म्हणजे एकंदर सतरा, असा हिशेब करावयाचा. खेळाचा वेळ तीस तीस मिनिटांच्या दोन भागांत असतो.

आतां इतिहासाकडे वळूं. १८८४ मध्यें टिपरेरी परगण्यांतील थर्लस या गांवीं मायकेल क्यूसॅक व त्याचे सहकारी यांनीं गेलिक अॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली. त्या वेळीं आयर्लंड इंग्रजांच्या अमलाखालीं होतें, आणि आपल्या देशाचे जुने खेळ मोडीत निघूं नयेत ही त्यांची तळमळ होती. पुढें १८९३ मध्यें आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठीं गेलिक लीग निघाली. खेळाची संस्था पुरुषांची होती. परंतु भाषेच्या संस्थेंत स्त्रियांना मुक्तद्वार होतें. डब्लिन येथील तिच्या एका शाखेंत, सतराव्या शतकांतील इतिहासकार जेफ्री कीटिंग याच्या नांवानें चाललेल्या शाखेंत, भाषा शिकावयास येणाऱ्या कांहीं तरुणींना वाटलें कीं, देशाची भाषा जशी आपली, तसा देशाचा खेळहि आपला कां नसावा? त्यांनीं काठ्या हातीं घेतल्या. त्यांच्यांत मॉयरा नी खिनेडे ही पुढारी होती. खेळाचें आयरिश नांव सुचविलें तें टाइग ओ डॉनखा या भाषापंडितानें. व्याकरणाच्या वर्गांतून एखादा मैदानी खेळ जन्मास यावा, असें उदाहरण जगांत विरळाच.

ता. १७ जुलै १९०४ रोजीं मीथ परगण्यांतील नॅव्हन या गांवीं कॅमोगीचा पहिला जाहीर सामना झाला. एका बाजूस कीटिंग शाखेच्या मुली, दुसऱ्या बाजूस कुहुलिन या पुराणवीराच्या नांवाचा संघ. साऱ्या सामन्यांत एकच गोल झाला. तो नी खिनेडे हिनें केला आणि कीटिंग संघ जिंकला. १९०५ च्या फेब्रुवारींत रीतसर संस्था स्थापन झाली व तीच तिची पहिली अध्यक्षा झाली. या बाईंचें नांव वाङ्मयाच्या इतिहासांतहि आहे. ब्लास्केट बेटावरील पेग सेयर्स नांवाच्या कथेकरी वृद्धेचें आत्मकथन १९३६ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याचें संपादन नी खिनेडे हिचेंच.

त्या पहिल्या मुलींचा पोषाख पायघोळ झग्यांचा होता. अशा वेषांत धांवणें कठीण, पण चेंडू अडविणें मात्र सोपें. तेव्हां झग्यानें मुद्दाम चेंडू अडविल्यास तो अपराध समजावा, असा नियम करावा लागला! आज हें वाचून हंसूं येतें. पण त्या हंशामागें एक गोष्ट दडलेली आहे, ती विसरूं नये. खेळाच्या जन्मापासूनच पोषाख हा त्यांतील एक भिडू होता. आणि त्याची निवड खेळाडूनें आपल्या सोयीनें केलेली नव्हती, समाजाच्या संकेतानें केलेली होती.

आरंभींच्या वर्षांत खेळाची वाढ मंद होती. युद्ध, बंड, स्वातंत्र्याचा लढा व त्यामागून आलेली यादवी यांत सगळा देश गुंतलेला. १९३२ मध्यें संस्थेची पुनर्घटना झाली आणि त्याच वर्षापासून परगण्यापरगण्यांतील अखिल आयर्लंड अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू झाली. विजयी संघास देण्याचा चषक शॉन ओडफी या गृहस्थानें अर्पण केला. १९१६ च्या ईस्टरच्या उठावांत भाग घेतलेला हा कामगार-कार्यकर्ता पुढें आयुष्यभर या खेळाच्या सेवेंत राहिला, आणि चषक आजहि त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

पहिल्या अंतिम सामन्यांत डब्लिननें गॉलवेला हरविलें. गॉलवेचें नांव येथें ध्यानांत ठेवावें. त्यानंतर कितीतरी वर्षें डब्लिनचें राज्य चाललें. १९४८ ते १९६६ या एकोणीस वर्षांत डब्लिननें अठरा वेळां चषक जिंकला. मध्यें फक्त १९५६ मध्यें अँट्रिमनें तो हिसकावून घेतला. डब्लिनच्या कॅथलीन मिल्स हिनें १९४२ ते १९६१ या काळांत अजिंक्यपदाचीं पंधरा पदकें मिळविलीं. आतां एका कनिष्ठ दर्जाच्या स्पर्धेच्या चषकास तिचेंच नांव दिलेलें आहे. डब्लिनमागून किलकेनीचा उदय झाला. १९८५ पासून १९९१ पर्यंत सलग सात वर्षें किलकेनी अजिंक्य होतें. त्या संघांत अँजेला व अॅन डाउनी या जुळ्या बहिणी खेळत. अँजेलाची एक आठवण आयर्लंडमध्यें अजून सांगतात. १९८९ च्या अंतिम सामन्यांत ती गोलाकडे झेपावत असतां तिला अडवूं पाहणाऱ्या प्रतिस्पर्धिनीच्या हातीं तिचा स्कर्ट आला व तो निसटला. तिनें मागें वळूनहि पाहिलें नाहीं. तशीच पुढें गेली आणि चेंडू जाळ्यांत धाडला. लोकांनीं ही गोष्ट गंमत म्हणून जतन केली. स्कर्टहि गेला आणि गोलहि झाला, यावर पिढ्या हंसल्या. स्कर्ट मुळांत कशाला हवा होता, हा प्रश्न मात्र पुष्कळ वर्षें विचारावयाचा राहून गेला.

पूर्वीं प्रत्येक बाजूस बाराच खेळाडू असत व मैदानहि लहान असे. १९९९ पासून अंतिम स्पर्धेंत पुरुषांप्रमाणेंच पंधरा खेळाडू आणि पूर्ण मैदान आलें. म्हणजे धांवण्याचें अंतर वाढलें, खेळाचा वेग वाढला, तालीम कडक झाली. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. या खेळांत कोणालाहि वेतन नाहीं. शाळेंत शिकविणाऱ्या, इस्पितळांत शुश्रूषा करणाऱ्या, महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुली दिवसभराचें काम आटोपून संध्याकाळीं मैदानावर येतात, आणि घामानें व चिखलानें माखून रात्रीं घरीं परततात. २०२१ मध्यें सरकारनें परगण्यांच्या स्त्री-खेळाडूंना मिळणारें अनुदान पुरुषांच्या बरोबरीचें केलें, एवढीच काय ती राजाश्रयाची बाब. बाकी सारें गांवाच्या अभिमानावर चालतें.

मैदान बदललें, खेळाडूंची संख्या बदलली, नियम बदलले. एक गोष्ट तेवढी टिकून राहिली. सामन्याच्या वेळीं खेळाडूनें स्कर्ट अथवा ‘स्कॉर्ट’ नेसला पाहिजे, हा नियम. स्कॉर्ट म्हणजे आंतून आखूड चड्डी व वरून स्कर्ट असा जोडपोषाख. सरावाच्या वेळीं याच मुली आखूड चड्डी घालून खेळत. सामन्याच्या दिवशीं मात्र, ज्या दिवशीं शरीर सर्वांत मोकळें हवें त्याच दिवशीं, हा वेष चढवावा लागे. गेलिक खेळाडूंच्या संघटनेनें याविषयीं खेळाडूंचीं मतें अजमावलीं. शेंकडा ७० जणींनीं हा पोषाख आपणांस त्रासदायक होतो असें सांगितलें. शेंकडा ८३ जणींनीं निवडीची मोकळीक असावी असें मत दिलें. कोणीहि स्कॉर्टवर बंदी घाला असें म्हणत नव्हतें. जिला हवा तिनें तो घालावा, जिला नको तिच्यावर त्याची सक्ति नसावी, एवढेंच मागणें होतें.

असें साधें मागणें मान्य व्हावयास हरकत कोणाची? येथेंच या हकीकतीची खरी गुंतागुंत आहे. नियम लादणारा कोणी परका सत्ताधीश नव्हता. ही संस्था स्त्रियांनींच, स्त्रियांच्या खेळासाठीं उभारलेली. एप्रिल २०२४ मध्यें तिच्या वार्षिक परिषदेंत हा नियम बदलण्याचे ठराव आले, आणि ते फेटाळले गेले. संस्थेच्या रिवाजाप्रमाणें एकदां फेटाळलेला विषय २०२७ पर्यंत वार्षिक परिषदेपुढें येऊं शकत नव्हता. ज्यांना परंपरा प्रिय होती त्यांच्या भावनेंत वाईट असें कांहीं नव्हतें. ज्या वेषांत आपली आई खेळली, आपण स्वतः खेळलों, त्या वेषावर माया असणें स्वाभाविक आहे; तो या खेळाची ओळख आहे, असें त्यांना वाटे. परंतु आपल्या स्मृतीला जें प्रिय तें दुसऱ्याच्या देहाला काचत असेल, तर त्या स्मृतीचें ओझें कोणीं वाहावें? मतें देणारे परिषदेंत बसलेले होते; आणि स्कॉर्ट नेसून धांवणाऱ्या मुली मैदानावर होत्या.

ता. ३ मे २०२५ रोजीं त्या मुलींनीं उत्तर दिलें. लेन्स्टर प्रांताच्या उपांत्य सामन्यासाठीं डब्लिन व किलकेनी यांचे संघ मैदानांत उतरले. दोघींनींहि आखूड चड्ड्या घातल्या होत्या. एरवीं एकमेकींच्या काठ्यांना काठ्या भिडविणारे हे दोन संघ त्या दिवशीं एकाच वेषांत व एकाच निश्चयानें उभे राहिले. पंचानें नियम दाखविला : पोषाख बदला, नाहीं तर सामना होणार नाहीं. मुली आंत गेल्या, स्कॉर्ट नेसून परत आल्या, आणि सामना खेळला गेला. नियमाचा विजय झाला. पण तो पाहणाऱ्या लोकांस त्या विजयाची लाज वाटली. डब्लिनची कर्णधार अॅश्लिंग माहर हिनें आपल्या मनांतील खंत जाहीरपणें लिहून दाखविली. त्या सामन्याचीं छायाचित्रें देशभर पसरलीं. घराघरांत चर्चा सुरू झाली. राजकीय पुढाऱ्यांनाहि त्यावर बोलावें लागलें.

पुढच्याच आठवड्यांत मन्स्टर प्रांताचा अंतिम सामना कॉर्क व वॉटरफर्ड यांच्यांत व्हावयाचा होता. त्या दोन्ही संघांनींहि चड्ड्या घालूनच उतरण्याचा मनोदय कळविला. सामना ऐन वेळीं पुढें ढकलण्यांत आला. आतां प्रश्न एका गांवाचा किंवा एका प्रांताचा राहिला नाहीं. ज्या संस्थेनें २०२७ पर्यंत विषय बंद ठेवला होता, तिनें क्रोक पार्क येथें विशेष परिषद बोलाविली. ता. २२ मे रोजीं मतदान झालें. शेंकडा ९८ मतें निवडीच्या बाजूनें पडलीं, आणि त्याच मध्यरात्रीपासून नवा नियम अमलांत आला. वर्षभरापूर्वीं फेटाळलेली गोष्ट तीन आठवड्यांत जवळजवळ एकमतानें मान्य झाली. युक्तिवाद २०२४ मध्यें होते तेच २०२५ मध्यें होते. फरक एवढाच कीं, दुसऱ्या खेपेस मुलींनीं तो युक्तिवाद अंगावर घालून मैदानांत आणला होता.

पोषाखाचा निकाल लागल्यावर लोकांचें लक्ष पुन्हां खेळाकडे वळलें, आणि तें वळावयास योग्य कारणहि होतें. कॉर्कच्या संघानें २०२३ व २०२४ अशीं लागोपाठ दोन वर्षें ओडफी चषक जिंकला होता. २०२३ मध्यें वॉटरफर्डविरुद्ध कॉर्कची कर्णधार एमी ओकॉनर हिनें मध्यंतरानंतर थोड्याच अवकाशांत तीन गोल करून प्रेक्षकांस थक्क केलें होतें. २०२४ चा विजय हा कॉर्कचा तिसावा. एवढीं अजिंक्यपदें दुसऱ्या कोणत्याहि परगण्याला मिळालेलीं नाहींत. आतां तिसरें वर्ष होतें. सलग तीन वर्षें चषक राखण्याचा पराक्रम त्यापूर्वीं वेक्सफर्डनें २०१० ते २०१२ मध्यें केला होता, आणि त्यानंतर तो कोणालाच साधला नव्हता.

गॉलवेचें नशीब याच्या अगदीं उलट. १९३२ च्या पहिल्या स्पर्धेंत अंतिम सामना हरलेला हा परगणा. त्याला पहिला चषक मिळावयास १९९६ साल उजाडावें लागलें. चौसष्ट वर्षें! पहिल्या पराभवाच्या वेळीं ज्या मुली वीस वर्षांच्या होत्या, त्या तोपर्यंत चौऱ्याऐंशींच्या आजीबाई झाल्या असतील. १९९६ चा तो सामनाहि कॉर्कशींच होता, आणि गॉलवेनें तो ४-८ विरुद्ध १-१५ असा जिंकला. म्हणजे वीस गुण विरुद्ध अठरा. पुढें २०१३, २०१९ व २०२१ मध्यें त्यांनीं पुन्हां चषक मिळविला. २०२४ च्या अंतिम सामन्यांत मात्र कॉर्कनें त्यांना १-१६ विरुद्ध ०-१६ असें हरविलें होतें. एकेरी गुण दोहोंचे सारखेच; एका गोलानें घात केला.

२०२५ च्या उपांत्य फेरींत कॉर्कनें वॉटरफर्डला व गॉलवेनें टिपरेरीला मागें टाकलें, आणि हेच दोन जुने प्रतिस्पर्धी पुन्हां समोरासमोर आले. गेल्या पांच वर्षांत अंतिम सामन्यांतील ही त्यांची तिसरी गांठ. कॉर्ककडे अनुभव व दरारा; गॉलवेकडे गेल्या वर्षीच्या पराभवाचा सल, आणि कॅथल मरी या व्यवस्थापकाची शिकवण. आदल्या वर्षीं हरलेला संघ दुसऱ्या वर्षीं दोन प्रकारांनीं मैदानांत येतो : एक, मनांत भीति घेऊन, दुसरा, मनांत हिशेब घेऊन. गॉलवेच्या मुली हिशेब घेऊन आल्या होत्या.

सामना अटीतटीचा झाला. या दोन संघांत कोणाचेंहि पारडें फार वेळ जड राहत नाहीं, असा प्रेक्षकांचा अनुभव होता, आणि तो खरा ठरला. कॉर्कनें एक गोल केला, गॉलवेनेंहि एक केला. वेळ संपत आला तरी निकाल लागेना. नियमित साठ मिनिटें होऊन गेलीं. दुखापतींमुळें वाया गेलेला वेळ भरून काढण्याचीं वाढीव मिनिटें चालू झालीं. अशा वेळीं गॉलवेला एक मोकळा टोला मिळाला. तो घेण्यास पुढें झाली ती कर्णधार कॅरी डोलन.

मोकळा टोला म्हणजे काय, हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. प्रतिपक्षानें अपराध केला असतां चेंडू जमिनीवर ठेवून खेळाडू एकटी त्यामागें उभी राहते. काठीच्या टोंकानें चेंडू किंचित् वर उचलावयाचा, आणि तो खालीं पडण्यापूर्वीं तोच हात फिरवून त्यावर प्रहार करावयाचा. उचलणें थोडें कमी झालें तर टोला जमिनीवर आपटतो. थोडें अधिक झालें तर दिशा चुकते. सरावांत हजार वेळां केलेली ही क्रिया. परंतु हजारों प्रेक्षकांच्या नजरा, वर्षभराचे श्रम आणि आदल्या वर्षीची हार हीं सगळीं मनगटांत एकवटलीं असतां ती करणें ही गोष्ट वेगळी. डोलन हिनें चेंडू उचलला, काठी फिरविली, आणि चेंडू दांड्यावरून, दोन खांबांच्या मधून पार झाला. गॉलवे १-१४, कॉर्क १-१३. सतरा विरुद्ध सोळा. गॉलवेचें तें पांचवें अजिंक्यपद. कॉर्कचें तिसऱ्या सलग विजयाचें स्वप्न त्या एका टोल्यानें मावळलें.

एका गुणाचा निकाल या खेळांत अपूर्व नाहीं. २०१७ व २०१८ मध्यें कॉर्कनें किलकेनीला एकेकाच गुणानें हरविलें होतें. २०२२ मध्यें किलकेनीनें कॉर्कला एका गुणानें परत केलें. ज्या कॉर्कनें दोनदां एका गुणाचा आनंद भोगला, त्याच कॉर्कला दोनदां एका गुणाचें दुःख सोसावें लागलें. जिंकणाऱ्या व हरणाऱ्या संघांच्या योग्यतेंत अशा वेळीं फारसा फरक नसतो, हें पाहणाऱ्यांनाहि कळतें व खेळणाऱ्यांनाहि. म्हणूनच अशा खेळांतील विजयी संघ उन्मत्त होत नाहीं आणि पराभूत संघ खचून जात नाहीं.

आखूड चड्डीची मोकळीक मिळाली म्हणून गॉलवे जिंकलें, असें कोणीहि म्हणणार नाहीं. ती मोकळीक कॉर्कलाहि होती. वेष बदलल्यानें काठीला बळ येत नाहीं, किंवा चेंडूची दिशा सुधारत नाहीं. पण त्या अंतिम सामन्याच्या वर्णनांत पुढें लक्षांत राहिलें तें डोलनचें मनगट, कोणाचा पोषाख नव्हे. मे महिन्यांत देश ज्यांच्या कपड्यांविषयीं बोलत होता, ऑगस्ट महिन्यांत तो त्यांच्या खेळाविषयीं बोलूं लागला. मुलींनीं जी गोष्ट मागितली होती ती हीच.

या लढ्यांतील दोन गोष्टी विशेष ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, त्या मुलींनीं खेळ सोडला नाहीं. पंचानें पोषाख बदलावयास सांगितलें तेव्हां त्यांनीं तो बदलला आणि सामना खेळल्या. पंचाचा मान त्यांनीं राखला, नियमाचा अन्याय मात्र सर्वांच्या डोळ्यांपुढें उभा केला. दुसरी ही कीं, त्यांच्या संस्थेनें आपली चूक फार काळ कवटाळून ठेवली नाहीं. २०२७ पर्यंत थांबा, असें सांगण्याचा अधिकार तिला होता. त्या अधिकारावर बोट ठेवून ती बसून राहिली असती तर कागदोपत्रीं तिचें कांहींच चुकलें नसतें. पण ज्यांच्यासाठीं आपण आहों त्यांच्यावांचून आपण काय राखणार, हें तिनें वेळींच ओळखलें. वडीलधाऱ्यांना घरांतहि असा प्रसंग येतो. आपण घालून दिलेला रिवाज मुलांना जाचूं लागला म्हणजे त्यांतील कोणता भाग जिव्हाळ्याचा आणि कोणता केवळ संवयीचा, हें निवडून काढावें लागतें. तसें केल्यानें वडीलपण कमी होत नाहीं.

१९०४ च्या जुलैमध्यें नॅव्हनच्या मैदानावर मॉयरा नी खिनेडे पायघोळ झगा सांवरीत धांवली आणि तिनें सामन्यांतला एकुलता एक गोल केला. त्यानंतर एकशें एकवीस वर्षांनीं कॅरी डोलनच्या एका गुणानें तशाच अटीतटीच्या सामन्याचा निकाल लागला. मधल्या काळांत खेळाडू बारांचे पंधरा झाले, झगे आखूड झाले, आणि अखेर झग्यांची सक्तीहि गेली. काठी मात्र तीच राहिली; टोंकाशीं वांकलेली. जिच्या नांवावरून खेळाला नांव मिळालें ती वस्तु टिकली, आणि जी वस्तु खेळाची ओळख म्हणून जपली जात होती तिच्यावांचून खेळाचें कांहींच अडलें नाहीं.